गाज भाट्याकडनं येत होती

चिमे, आधी हे सांगून टाकत्ये, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. त्या दिवशी पहाटे समुद्राची गाज भाट्याकडनं येत होती. चांगली स्पष्ट येत होती. मी माझ्या ह्या दोन कानांनी ऐकली होती.

तू विचारलंस, "गोदे, गाज कुठनं येत्ये गो?" आणि तुझ्या उशाशी बसून, तुझा तापलेला हात हातात धरून मी म्हटलं, "कसली गाज नि कसलं काय! काही ऐकू येत नाही. निज तू." तू डोळे मिटलेस. मला वाटलं, डोळा लागला. पण थोड्या वेळाने हळूच म्हणालीस, "मग माझ्या कानातलीच असेल." मरायला टेकलेल्या माणसाच्या कानात समुद्र वाजायला लागतो, असं तुझी सासू सांगायची. ते मला आठवलं. तरी खरं सांगितलं नाही. न्हायचं निमित्त करून उठले नि घरी आले. दुपार व्हायच्या आत तू गेलीस.

तुझ्या तेराव्याला बायका तुझं कौतुक करत होत्या. कुणाला तुझ्या हातची सांदणं आठवत होती, कुणाला तुझं बाळंतिणीपाशी रात्ररात्र बसणं. मी खाली मान घालून वाढत होते. "काकू आज अगदी गप्प गप्प," कुणीतरी म्हणालं, आणि दुसरीने डोळ्याला पदर लावला. मी दुःखाने गप्प आहे असं सगळ्यांना वाटलं. दुःख होतंच गो, ते का नव्हतं? पण दुःखाने माझं तोंड कधी बंद झालंय? लाजेने झालं होतं.

आता ह्या वाडीत मला गोदी म्हणणारं कुणी उरलं नाही. मी कुणाची काकू, कुणाची वहिनी, कुणाची आजी. लग्नात आपली दोघींची नावं बदललीनी, पण एकाच वैशाखात आपण शेजारच्या दोन घरांत आलो, आणि पहिल्या आठवड्यातच दोन अंगणांमधल्या दगडी गडग्याशी उभं राहून एकमेकींची माहेरची नावं सांगून टाकली. चोरून. जसं काही चिंचा खातोय. तेव्हापासून तू चिमी आणि मी गोदी, तेही गडग्यापुरतं.

बोलायला तरी काय होतं आपल्याला? तिकडे तुझी सासू, इकडे माझी, आणि दोघींचे कान चांगले तिखट. घरातलं काही बोलायची सोय नाही. मग तू म्हणालीस, "आज आभाळ भरून आलंय, नाही?" आणि तुझ्या सासूने आतनं ऐकलं तरी तिला काही बोलता येईना. झालं, आपल्याला वाट सापडली. सासूची चुगली केली तर घरात रामायण, आभाळाची चुगली केली तर कोण विचारतंय? कळशी भरताना, वाळत घालताना, गुरांना पेज ठेवताना आपण आभाळाला नावं ठेवायला लागलो. पुढे सासवा गेल्या, पोरं मोठी झाली, बोलायला हवं ते मोकळेपणी बोलता यायला लागलं, पण तोवर आभाळाचं वेडच लागलं होतं दोघींना. सकाळी गडग्याशी आलं की आधी पाऊस, वारा, उघडीप. मग कुणाची पोर आजारी आहे नि कुणाचं लग्न ठरलंय ते.

आणि एकमत कधी म्हणून नाही. तुझं सगळं कानावर. पहाटे उठून दार उघडायचीस, डोळे मिटून उभी राहायचीस आणि समुद्र कुठल्या बाजूने गाजतोय ते ऐकायचीस. मिऱ्याकडनं, म्हणजे उत्तरेकडनं गाज आली की उघडीप. भाट्याकडनं, म्हणजे दक्षिणेकडनं आली की पाऊस. एवढंच तुझं शास्त्र. माझं सगळं डोळ्यांवर. मी उगवतीच्या डोंगरांकडे बघायची. गणपती गेले की पाऊस समुद्राकडनं यायचा बंद होतो, मग तो घाटावरनं उलटा येतो, दुपारी गडगडत. तेव्हा बघायचं ते संगमेश्वराच्या बाजूला. "समुद्राला विचारून काय उपयोग?" मी म्हणायची. तू म्हणायचीस, "डोंगर मुका आहे गो. तुझ्याशी बोलतो तरी का कधी?"

पुरुषांना आपलं हसू यायचं. आमचे हे मुंबईचं वर्तमानपत्र बोटीने येईल तेव्हा उघडून बसणार आणि दोन दिवसांमागच्या हवेचं भाकीत आपल्याला वाचून दाखवणार. तुझे यजमान बंदरावर जाऊन वादळाचा बावटा चढलाय का ते बघून येणार. आणि बाहेर वाळत घातलेलं भिजायला लागलं की दोघेही आपल्यालाच हाका मारणार.

एका नवरात्रात तू माझ्याशी घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत बोलली नव्हतीस, आठवतंय? रस्त्याने तेव्हा नवी नवी सर्व्हिस मोटार धावायला लागली होती. तू म्हणालीस, गाज भाट्याकडनं येत्ये. मी म्हटलं, अगो, ती मोटार आहे. तुझं तोंड हे एवढंसं झालं. माझ्या डोळ्यांना तू काय वाटेल ते बोलायचीस, पण तुझ्या कानांना मी बोलायचं नाही! दसऱ्याला गडग्यावर आपट्याचं पान ठेवलंस आणि म्हणालीस, "घे सोनं. मोटारीतनं आलंय." मी हसता हसता खाली बसले. पण ती गाज होती की मोटार, ते तू मेलीस तरी कबूल केलं नाहीस. मीही नाही.

ह्या वर्षी मात्र हसण्यावारी न्यायचं नव्हतं. गणपती पोचवून आलो ते कोरड्या अंगाने, आणि त्यानंतर थेंब नाही. भाद्रपदातलं ऊन असं पडलं की अंगणात पाय ठेववेना. आभाळ घासलेल्या परातीसारखं लखलखीत. लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं होतं, ते खाली मळ्यात वाळत पडलेलं. त्याला ऊन हवं होतं. पण उशिरा पिकणारं गरवं भात नुकतं निसवायला लागलेलं, त्याच्या तळाशी भेगा पडायला लागल्या होत्या. त्याला पाणी नाही मिळालं तर कणसात दाणा नाही, नुसती पोलं. एकाच मळ्यात एकाला ऊन हवं नि दुसऱ्याला पाऊस. वाडीतल्या माणसांना सुचेना काय करावं. भात अजून वाळू द्यावं की उचलून आत घ्यावं? ती आपल्याला विचारायला यायला लागली.

आणि आपण काय केलं? पदर खोचला. तू म्हणालीस, "पितृपक्षातच येतो की नाही बघा. गाज वळू दे फक्त." मी म्हटलं, "हस्ताचा हत्ती लागल्याशिवाय येत नाही. आणि येईल तो उगवतीनंच येईल. भात खुशाल बाहेर राहू दे." अर्धी वाडी तुझ्याकडे, अर्धी माझ्याकडे. रोज सकाळी गडग्याशी माणसं जमायची. खरं सांगू? मजा येत होती गो मला. इतक्या लोकांनी आपलं ऐकायला उभं राहावं, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. एकदा धाकूची बायको भारा खाली ठेवून ऐकत उभी होती. धाकू म्हणजे आपल्या दोन्ही घरचा गडी, त्याची स्वतःची जमीन एवढीशी. ती म्हणाली, "तुमचा खेल व्हतो वैनी, नि आमचा भात करपतो." तू एकदम गप्प झालीस. मी नाही झाले. मी म्हटलं, "अगो, मी सांगत्ये ना, हत्ती लागू दे!" ते बोलणं आता आठवलं की वाटतं, कुणी माझ्या तोंडावर हात का नाही ठेवला?

मग तुला ताप भरला. डॉक्टर येऊन गेला, सुई टोचलीन, काढे झाले. ताप उतरेना. तुझा मुलगा मुंबईस, त्याला तार केली, तो बोटीत होता. तुझी सून इंदू दिवसभर राबून थकायची, म्हणून मी पहाटेची येऊन बसायची.

त्या पहाटे मी खोटं का बोलले, हे मी स्वतःला पुष्कळ विचारलं. मरणाऱ्या माणसापुढे कसली हारजीत, असं कुणीही म्हणेल. पण तू मरत्येस हे मला मुळी पटलेलंच नव्हतं! मला वाटलं, दोन दिवसांनी उठून बसशील, काठी टेकत गडग्याशी येशील, आणि "बघ, आजारी होत्ये तरी माझी गाज खरी ठरली" म्हणून पुढची चार वर्षं मला ऐकवशील. मी तुझ्या पुढच्या चार वर्षांना भ्याले. ती चार वर्षं मला आता कुणी दिली तर मी रोज सकाळी हरेन. पण त्या पहाटे नाही हरले. गाज भाट्याकडनं येत होती, तुझा हात माझ्या हातात होता, आणि मी म्हटलं, काही ऐकू येत नाही.

दुपारी पुरुषमंडळी तुला घेऊन गेली. मी घरी आले, मागच्या दारी अंगावर पाणी घेतलं. दुसरा तांब्या ओतत होते तेवढ्यात उगवतीला गडगडलं. मान वर केली तर डोंगरांवर काळंकुट्ट. वारा सुटला, माडाच्या झावळ्या उलट्या झाल्या, आणि बघता बघता टपोरे थेंब चिऱ्यांवर आपटायला लागले. आणि चिमे, मी काय केलं असेन? तशीच ओल्या लुगड्याने गडग्याशी धावत गेले आणि ओरडले, "चिमे! अगो चिमे, बाहेर ये! उगवतीनं आला बघ! सांगितलं होतं की नाही?"

पलीकडे इंदू तुला ठेवलं होतं ती जागा सारवत होती. दोन-चार बायका होत्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. इंदूचा हात शेणात तसाच राहिला. आणि मग मला आठवलं, तू नाहीस.

माझ्या तोंडावर हसू होतं गो. ते सगळ्यांनी पाहिलं. तोंडावरचं हसू पुसायला सुद्धा मला वेळ लागला. मी तिथेच खाली बसले. पाऊस कोसळत होता, पण आत जाऊन तोंड कुणाला दाखवू? संध्याकाळी हे भिजून आले. म्हणाले, चिता चांगली धरली होती म्हणून निभावलं. सगळी वाडी पाऊस मागत होती, आणि तुझा नवरा तिथे हात जोडून म्हणत होता, घटकाभर थांब रे बाबा. त्याच घटकेला मी जिंकल्याच्या आनंदात ओरडत होते.

तेवढ्यात मला भाताची आठवण झाली. आमचं कापलेलं भात खाली मळ्यात! पहाटे गाज ऐकून सुद्धा मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? तुझ्याशी खोटं बोलून आलेली, मग घरात खरं बोलायचं कुठल्या तोंडाने? हे तसेच खाली गेले आणि हसत परत आले. भात गोठ्याच्या माळ्यावर, एक काडी भिजलेली नाही. "मी काल धाकूला म्हटलं होतं, आभाळावर लक्ष ठेव," असं म्हणून ह्यांनी मिशीवरून हात फिरवला. ज्यांनी माझं ऐकून भात बाहेर ठेवलं होतं त्यांचं मात्र भिजून चिंब झालं. दुसऱ्या दिवशी ती माणसं पेंढ्या झटकत होती, ते मी मागच्या दारातनं बघितलं. मला कुणी काही म्हणालं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. खोटं बोलणारीचं तेवढं भात कोरडं राहिलं, ह्याचा मला जास्त त्रास झाला.

तेरावं झाल्यावर काल इंदू कळशी घेऊन गडग्याशी आली. इतके दिवस मी तिची नजर चुकवत होते. काल मनाचा हिय्या केला. म्हटलं, "इंदू, त्या दिवशी मी ओरडले, ते…"

"काकू, त्याचं काय मनात धरता? सासूबाईंना आवडलं असतं."

"नाही गो. तुला सगळं ठाऊक नाही." आणि मी तिला पहाटेचं सांगितलं. गाज भाट्याकडनं येत होती ते, मी नाही म्हटलं ते, आणि "माझ्या कानातलीच असेल" म्हणून तू डोळे मिटलेस तेही. मग म्हटलं, "तिला वाटलं, आपली वेळ आली. माझ्या हट्टापायी तिला मरणाची चाहूल लागली."

इंदूने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडत्ये. बघत्ये तर काय, हसत होती! तू गेल्यापासून पहिल्यांदा.

"अहो काकू, तुम्ही न्हायला गेलात आणि सासूबाईंनी मला हाक मारली. म्हणाल्या, 'इंदे, गाज भाट्याकडनं येत्ये. गोदीने ऐकलीन. ऐकताना तिची मान वळते, मला ठाऊक नाही होय? पण हरायची नाही ती. मी तिला म्हटलं, माझ्या कानातलीच असेल, तर कशी पळाली बघ! तू जा, धाकूला सांग, आपलं भात आत घे आणि गोदीकडचंही घे. दुसऱ्या कुणी ऐकलं तर त्यांनाही सांग म्हणावं. गोदीला तेवढं सांगू नको हो. कळलं तर हट्टाने पुन्हा बाहेर टाकील.' धाकूने खाली सगळ्यांना सांगून पाहिलं, पण ते म्हणाले, काकू तर नाही म्हणतात."

मी गडग्याच्या चिऱ्यावर बसले. आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम. म्हणजे तू मला टोमणा मारलास! अंगात ताप फणफणलेला, घशातनं शब्द निघत नाही, आणि तुला टोमणे सुचतात? आणि मी इतके दिवस ते तुझं शेवटचं दुःख समजून उराशी धरून बसले होते! मला तुझा असा राग आला की तू समोर असतीस तर मी पुन्हा दसऱ्यापर्यंत बोलले नसते.

तुला वाटेल, गोदीची लाज गेली. नाही गो. वाढली. तुझी शेवटची ताकद कशावर खर्च झाली? मुलाचं नाव घेण्यावर नाही, देवाचं घेण्यावर नाही. माझ्या भातावर. तुला माझं खोटं ठाऊक होतं, माझा हट्ट ठाऊक होता, आणि त्याची सोय करून तू गेलीस, जशी काही मी तुझ्या घरातली एखादी चिडकी गाय. मी मात्र तुझ्यावर एक "हो" खर्च केला नाही. तुझे माझ्यावर केवढे उपकार झाले हे इथे गडग्याशी बसून सांगत्ये, कारण तू असतीस तर मी हे सांगितलं नसतं. तू नाहीस म्हणून मला एवढं शहाणपण आलंय, ह्याचीही लाजच वाटत्ये.

आज पहाटे उठले आणि मागचं दार उघडलं. उगवतीकडे बघितलं नाही. गडग्यावर हात ठेवून, डोळे मिटून उभी राहिले, तुझ्यासारखी. आधी नुसता वारा, मग माडांची सळसळ, आणि मग त्यांच्या मागे समुद्र. मिऱ्याकडनं येत होती गाज. मी खूप वेळ ऐकली. मोटार नव्हती.

आत आले. हे राखुंडीने दात घासत होते. म्हटलं, "माळ्यावरचं भात आज उन्हात काढायला सांगा. उघडीप आहे."

हे चूळ भरून म्हणाले, "अगो, हत्ती लागलाय, कधीही कोसळेल. पेपरातही तसंच आहे. उघडीप आहे असं म्हणतं कोण?"

इतकी वर्षं ह्या प्रश्नाला माझं एकच उत्तर असायचं. मी म्हणत्ये. ते जिभेवर आलंही होतं.

"चिमी म्हणत्ये," मी म्हटलं. मोठ्याने. गडग्यापलीकडे ऐकू जाईल असं.